मर्केटर आणि माझं होस्टेल

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला मी आपल्या पुण्याच्या कॅम्पसचा वेबवरचा नकाशा केला. इमारतीवर क्लिक केलं की क्षेत्रफळ दिसायचं, एवढंच काम. पण होस्टेलचं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा ११ टक्के जास्त यायचं. दोन रात्री कोड तपासला. शेवटी गुन्हेगार सापडला तो सोळाव्या शतकातला: गेरार्डस मर्केटर!

मर्केटरचा जन्म ५ मार्च १५१२ रोजी आजच्या बेल्जियममधल्या रुपेलमोंड गावी झाला. वडील जोडे शिवायचे, घरची गरिबी. तरीही तो लुव्हेन विद्यापीठात शिकला आणि गेमा फ्रिसियसच्या हाताखाली गणित व पृथ्वीगोल बनवण्याची कला शिकला. १५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. त्या धरपकडीतल्या काहींना मृत्युदंड झाला. मर्केटर सुमारे सात महिन्यांनी सुटला. १५५२ मध्ये तो जर्मनीतल्या डुइसबुर्गला गेला आणि तिथेच १५६९ मध्ये त्याने १८ तुकड्यांचा जगाचा नकाशा काढला.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर काहीतरी बिघडणारच. मर्केटरने कोन सांभाळले. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्याच्या नकाशावर सरळ रेघ होतो. त्याबदल्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं फुगत जातं. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, पण आफ्रिका त्याच्या जवळजवळ १४ पट मोठी आहे!

१५९४ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी मुलाने त्याचे नकाशे एकत्र छापले. नकाशांच्या पुस्तकाला ‘अ‍ॅटलस’ हे नाव तिथूनच मिळालं.

गूगल मॅप्स, ओपनस्ट्रीटमॅप यांनी हीच पद्धत थोडी सोपी करून घेतली. कारण साधं आहे. झूम केल्यावर चौकातले कोपरे काटकोनातच राहतात. ८५ अक्षांशाच्या थोडं पुढे कापलं की जग बरोबर चौरस होतं. मग प्रत्येक झूमला एका चौकोनाचे चार करत जायचं.

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५. तिथे लांबी साडेपाच टक्के फुगते, म्हणून क्षेत्रफळ ११ टक्के. मी स्क्रीनवरचे पिक्सेल मोजून मोकळी झाले होते! आता आलेल्या आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाने गुणते.

मर्केटरने नकाशाच्या शीर्षकातच लिहिलं होतं की तो खलाशांसाठी आहे. चूक त्याची नव्हतीच. नकाशा कशासाठी केलाय हे न वाचता मी तो वापरला, ही चूक माझी.