डॉपलर कोण होता? ताऱ्यांपासून हार्टच्या इकोपर्यंत

काकांना हार्ट अटॅक आला, तेव्हा ॲसिडिटी समजून आम्ही अख्खा दिवस घालवला. तिसऱ्या दिवशी ॲडमिट असतानाच त्यांना एकदम धाप लागली, बीपी घसरलं. इकोच्या स्क्रीनवर लाल-निळे रंग नको तिथे उसळताना दिसले. टेस्टचं नाव होतं कलर डॉपलर. हा डॉपलर कोण, ते मी त्या रात्री बाकड्यावर बसून मोबाईलवर शोधलं.

क्रिश्चन डॉपलर १८०३ साली साल्झबर्गमध्ये पाथरवटाच्या घरात जन्मला. तब्येत नाजूक, म्हणून घरचा धंदा सोडून तो गणिताकडे वळला. नोकरी मिळेना, तेव्हा अमेरिकेला निघायची तयारी झाली होती. तेवढ्यात प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली.

तिथेच २५ मे १८४२ रोजी त्याने आपली कल्पना मांडली: लहरी पाठवणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरींची फ्रिक्वेन्सी वाढते, लांब जात असेल तर कमी होते. जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन आठवा. ताऱ्यांच्या रंगांचं कारण त्याने यातच शोधलं; तिथे तो चुकला, पण नियम बरोबर होता. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये चालत्या रेल्वेत ट्रम्पेटवाले बसवून तो तपासलाही गेला. १८५३ मध्ये, फक्त ४९ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने डॉपलर व्हेनिसमध्ये गेला.

आज इको मशीन अल्ट्रासाऊंड सोडतं. वाहत्या रक्तावरून तो परततो, तेव्हा बदललेल्या फ्रिक्वेन्सीवरून रक्ताची दिशा कळते. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं.

हे कळणं का महत्त्वाचं? अटॅकमध्ये मेलेला स्नायू पुढच्या काही दिवसांत मऊ पडून फाटू शकतो. मधला पडदा फाटला तर रक्त डावीकडून उजवीकडे घुसतं. झडपेला धरणारा स्नायू तुटला तर रक्त उलटं फिरतं, फुप्फुसात पाणी भरतं. बाहेरची भिंत फुटली तर मिनिटांचाच खेळ असतो. वेळेत अँजिओप्लास्टी झाली तर हे क्वचितच घडतं; उशीर झाला की धोका वाढतो.

स्मार्टवॉचचा ईसीजी फक्त हृदयातली वीज मोजतो, फाटलेला पडदा त्याला दिसत नाही. म्हणून अटॅकनंतर अचानक धाप लागली, चक्कर आली, तर घड्याळ बघत बसू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा.

काकांच्या पडद्याला भोक पडलं होतं. मोठं ऑपरेशन झालं, काका वाचले. तो वाया घालवलेला दिवस मात्र मला अजून टोचतो.