टाकाऊ हाडांतून हात वाचवणारे मॅकईवन

हाडात साधी गाठ झाली की धार-देवासचे रुग्ण इंदूर गाठतात. गाठ खरवडून काढली की पोकळीत बऱ्याचदा रुग्णाच्याच कमरेचं हाड भरतात. हाड रुजतं, हे दाखवणाऱ्यांत विल्यम मॅकईवन आघाडीवर.

१८४८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मॅकईवन ग्लासगोत शिकले, तिथेच सर्जन झाले. एका चिमुरड्याच्या दंडाचं हाड जंतुसंसर्गानं गेलं होतं. हात नुसता लोंबकळायचा. मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करताना निघालेले हाडाचे तुकडे मॅकईवन यांनी तीन शस्त्रक्रियांत त्या दंडात बसवले. ते रुजले, हात कामाला लागला. १८८१ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. १९२४ मध्ये ते गेले. हात-पाय न कापता वाचवायची वाट मात्र रुंदावत गेली.