बाजा वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग



या महिन्याच्या भित्तीपत्रकासाठी बाईंनी सर्वांना एका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. पुष्कळ जणांनी शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक आणि सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहिले आहे. मी लुई आर्मस्ट्राँगवर लिहीत आहे. चंद्रावर गेला तो आर्मस्ट्राँग वेगळा. हा बाजा वाजवायचा.

माझे आप्पा लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात. काही मुले मला त्यावरून चिडवतात. म्हणून मी आप्पांना विचारले, की बाजा वाजवणारा कोणी थोर माणूस झाला आहे का? तेव्हा आप्पांनी हे नाव सांगितले. बाकीची माहिती बाईंनी मला वाचून दाखवली.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. वडील घर सोडून गेले होते. आई लोकांच्या घरी कामाला जायची. लुई लहानपणीच कोळशाच्या गाडीवर काम करू लागला. तो काळ्या वर्णाचा होता. त्या काळी तिकडे काळ्या लोकांना शाळा वेगळी होती आणि आगगाडीचा डबासुद्धा वेगळा होता.

१९१२ साल संपले त्या रात्री सगळीकडे दारूकाम चालले होते. लुईने घरातले पिस्तूल बाहेर नेले आणि हवेत बार काढला. पोलिसांनी त्याला धरले. त्याला मुलांच्या सुधारगृहात टाकले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा. पण तिथे मुलांचा एक बँड होता. पीटर डेव्हिस नावाच्या गुरुजींनी त्याला कॉर्नेट शिकवले. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखाच, पण थोडा आखूड पितळी बाजा.

त्या शहरात जो ऑलिव्हर नावाचे नामांकित कॉर्नेटवादक होते. लोक त्यांना किंग म्हणजे राजा म्हणायचे. लुई त्यांना फार मानायचा. तो त्यांच्या घरची बाजारहाटाची कामे करायचा आणि ते त्याला धडे द्यायचे. त्यांनी आपले जुने कॉर्नेटही लुईला देऊन टाकले. पुढे ऑलिव्हर शिकागो शहरात गेले आणि तिथे त्यांनी मोठा बँड काढला.

ऑगस्ट १९२२ मध्ये लुईला त्यांची तार आली. शिकागोला निघून ये आणि आमच्या बँडमध्ये वाजव, असा निरोप होता. लुईला आनंद झाला. त्याच्या आईने मासा घातलेला मोठा पाव बांधून दिला, कारण गाडीत काळ्या माणसांना जेवण मिळायची पंचाईत होती. आमचे आप्पा सुपारीला जातात तेव्हा आईसुद्धा अशीच फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून देते.

लुई रात्री शिकागोला उतरला. ऑलिव्हर कामावर होते, म्हणून स्टेशनवर त्याला न्यायला कोणी आलेले नव्हते. शेवटी तो त्या नाचघरापाशी पोचला. त्याचे नाव लिंकन गार्डन्स. आतून बँड ऐकू येत होता. तो ऐकून लुई घाबरला. एवढ्या मोठ्या वादकांमध्ये आपला काय निभाव लागणार, असे त्याला वाटले. पाय दारातच अडले. पण मग तो आत गेला आणि त्यांच्यातलाच एक झाला.

५ एप्रिल १९२३ रोजी हा बँड तबकड्या भरायला रिचमंड नावाच्या गावी गेला. लुईची ही पहिलीच वेळ. ती खोली पियानोच्या कारखान्यात होती आणि शेजारून रूळ जात होते. गाडी आली की वाजवणे थांबवावे लागे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असायचा. सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून वाजवायचे. आवाजाने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. चूक झाली तर सगळे परत पहिल्यापासून.

लुई वाजवू लागला की त्याच्या आवाजापुढे ऑलिव्हर ऐकूच येईनात. म्हणून त्याला एकट्याला खोलीत पार मागे उभे केले. बँडमध्ये लिल हार्डिन नावाच्या बाई पियानो वाजवत. लुईचे तोंड तेव्हा अगदी उतरले होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्या त्याच्याकडे बघून हसायच्या, म्हणजे त्याला बरे वाटावे. १९२४ मध्ये त्यांचे लग्न झाले. गुरूंचा आवाज झाकून जाऊ नये, म्हणून लुई मागे उभा राहिला. तरी तिथूनच त्याने एक तुकडा एकट्याने वाजवला.

१९२४ मध्ये लुईने तो बँड सोडला. १९२५ पासून तो स्वतःच्या मंडळीच्या तबकड्या काढू लागला आणि जगभर प्रसिद्ध झाला. ऑलिव्हर यांचे मात्र दात आणि हिरड्या खराब झाल्या. बाजा वाजवणाऱ्याचे दात गेले म्हणजे पोटच गेले. ते फार गरीब झाले आणि १९३८ मध्ये वारले. शेवटच्या दिवसांत ते भाजी विकताना लुईला भेटले, तेव्हा लुईने खिशातले पैसे त्यांना दिले. आपण जे झालो ते त्यांच्यामुळे, हे तो कधी विसरला नाही. ६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे लुईचे निधन झाले.

बाईंनी मोबाईलवर मला ती जुनी तबकडी ऐकवली. खूप खरखर आहे. पण मागून लुईचा बाजा येतो आणि तो झाकत नाही. मी ती आप्पांनाही ऐकवली. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी परत एकदा लावायला सांगितली.

पालक सभेला आप्पा येतात, पण मागे दाराशीच उभे राहतात. या वेळी हे वाचायला त्यांना पुढे यावेच लागेल, कारण बाईंनी भित्तीपत्रक फळ्याशेजारी लावले आहे.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी