संत बहिणाबाई आणि देवाचे उत्तर

देवाजवळ मागणे कोण करीत नाही? कुणी पाऊस मागतो, कुणी लेकराचा ताप उतरावा म्हणून नवस बोलतो. मागणे सोपे आहे हो. आलेले उत्तर ओळखणे मात्र कठीण. कीर्तन आटोपल्यावर श्रोते आम्हांला हेच विचारतात, की देवाने आपले ऐकले हे कळावे कसे? अशा वेळी आम्ही शिऊरच्या संत बहिणाबाईंचे चरित्र पुढे ठेवतो. त्यांनी आपली हकीकत आपल्याच अभंगांतून सांगून ठेवली आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

वेरुळाजवळच्या देवगावी आऊजी कुळकर्णी व जानकी यांच्या पोटी शके १५५० (इ. स. १६२८) मध्ये बहिणाबाई जन्मल्या. अंगणात खेळायच्या वयात त्यांचे लग्न लागले. वर पाठक घराण्यातले, शिऊरचे, वेदाध्ययन केलेले, पण बिजवर व वयाने कितीतरी मोठे. पुढे भाऊबंदकीच्या तंट्यापायी सर्वांना गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत हे कुटुंब कोल्हापुरास बहिरंभटांच्या आश्रयाला आले.

तेथे पाठकांना एक कपिला गाय दानात मिळाली. तिचे वासरू बहिणेच्या पायांत घोटाळे. पाण्याला गेली तरी बरोबर, कीर्तनाला गेली तरी बरोबर. एकदा जयरामस्वामींनी भर कीर्तनात दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. झाले! गावभर कुजबुज सुरू झाली, ती पाठकांच्या कानी गेली, आणि त्यांनी त्या कोवळ्या पोरीला बांधून मारले. वासराने चारापाणी सोडले व ते गेले.

कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडल्यापासून तुकोबांची भेट व्हावी एवढेच बहिणेचे मागणे होते. कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबांनी स्वप्नात येऊन मस्तकी हात ठेवला व मंत्र दिला. पण देहू तर दूरच राहिले! वैदिक ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे, हे पाठकांना सोसवेना. तिला माहेरच्या स्वाधीन करून आपण तीर्थाटनास निघून जावे, असे त्यांनी ठरविले. मागितली गुरूची भेट आणि पदरी काय पडले, तर पतीचा त्याग! तिच्या जागी आपण असतो तर देवाने पाठ फिरविली असेच म्हटले असते.

आणि निघायच्या दिवशीच पाठक तापाने अंथरुणास खिळले. महिना लोटला, औषध लागू पडेना. बहिणा रात्रंदिवस उशाशी बसून होती. पडल्या पडल्या पाठकांच्या मनाने घेतले, की विठ्ठलाची व तुकोबांची निंदा केली तिचे तर हे फळ नसेल? अशात एक वृद्ध ब्राह्मण आला आणि निरपराध बायकोला का टाकतोस म्हणून त्याने कानउघाडणी केली. पाठक वरमले. बरे वाटले तर हिच्या भजनाच्या आड यायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. ताप उतरला आणि पाठक आपण होऊन बायकोला घेऊन देहूस निघाले.

आता येथे आम्ही स्पष्ट बोलतो. कित्येक लोक म्हणतात, तो मारसुद्धा देवाचीच योजना होती. आम्ही नारदाच्या गादीवरून असे कधी सांगत नाही. मार हा पाठकांच्या क्रोधाचा होता. तो देवाच्या माथी मारू नये, आणि मार खाणाऱ्या लेकीसुनेला हे चरित्र दाखवून गप्प बसवू नये. देवाची खूण पाहायची ती क्रोध विरघळून अनुताप झाला तेथे. दुसरी खूण बहिणेजवळ आहे. स्वप्नात अनुग्रह झाला म्हणून ती ताठली नाही, आणि जो टाकून निघाला होता त्याची शुश्रूषा करताना तिने मनात द्वेष ठेवला नाही. ज्या प्रेरणेने अहंकार वाढतो, ती आपल्याच मनाची समजावी. जिने अंतःकरण मऊ होते, ती देवाकडची.

देहूस तुकोबांचे दर्शन झाले. स्वप्नातले तेच रूप समोर उभे. पुढे सगळे सुखाचे झाले असे मात्र समजू नका. मंबाजीने छळले, त्यांची गाय कोंडून मारली. परंतु हा छळ आता नवराबायकोने मिळून सोसला. बहिणेने मागितली होती गुरूची भेट. देवाने तीही दिली आणि न मागता घरातला माणूसही परत दिला.

शके १६२२ (इ. स. १७००) च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेस बहिणाबाईंनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे. तेव्हा मंडळी, हरिपाठ झाल्यावर आपले मागणे पुरे झाले की नाही याचा हिशेब करताना एवढेही पाहावे, की आज घरात कुणाचा राग निवळला, आणि आपला निवळला का. रामकृष्णहरि.