वेगदेवतेला नैवेद्य

जगातील सर्वांत वेगवान ‘इंडियन’ कोण, असे आपल्याकडे कुणाला विचारले, तर उत्तरादाखल एखाद्या धावपटूचे नाव येईल. पण २००५ साली याच नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला आणि त्यातला ‘इंडियन’ ना माणूस होता, ना आपल्या देशातला. ती होती एक मोटारसायकल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे ‘इंडियन’ नावाचा मोटारसायकलींचा कारखाना होता. तेथे तयार झालेली ही गाडी न्यूझीलंडच्या थेट दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल शहरात, १९२० साली बर्ट मन्रो नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने नवीकोरी विकत घेतली. तेव्हा तिचा कमाल वेग होता ताशी सुमारे ८८ किलोमीटर. ४७ वर्षांनंतर, वयाच्या ६८ व्या वर्षी, तिच्यावर बसून मन्रोने ताशी २९५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. मधली सारी वर्षे तो घराशेजारच्या शेडमध्ये तिच्यावर काम करीत होता.

या माणसाची आठवण मला हल्ली वारंवार होते, त्याला कारण आहे. टर्बो बसवलेल्या मोटारी आता सर्रास मिळतात आणि घरच्या घरी त्यांची अश्वशक्ती वाढवण्याचा छंद जगभरच्या तरुणांना लागला आहे. लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलायची, टर्बोचा दाब थोडा चढवायचा की अर्ध्या तासात वीस-तीस अश्व जास्तीचे! शक्ती इतकी स्वस्त झाली असताना, जिने एकेका अश्वासाठी वर्षे मोजायला लावली, त्या साधनेची ओळख करून घेणे मला अगत्याचे वाटते. कारण शक्ती वाढली की नेमके काय होते, हे मन्रोइतके स्पष्ट फार थोड्यांनी दाखवून दिले आहे.

हर्बर्ट जेम्स मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. जुळ्यातली त्याची बहीण जन्मतःच गेली आणि हे मूल दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून ठेवले होते. मुलगा जगला आणि इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेला एडेंडेल येथील शेतावर वाढला. वडिलांची बोलणी खाऊनही घरातला सर्वांत पळणारा घोडा तो शेतातून भरधाव दामटत असे. पुढे ज्याने सारे आयुष्य अश्वशक्तीच्या मागे घालवले, त्याची सुरुवात अशी खऱ्याखुऱ्या अश्वापासून झाली!

त्याने घेतलेले मॉडेल होते ‘स्काऊट’. ‘व्ही’ अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर, ६०० सीसीचे इंजिन, तीन गिअर आणि तेही हाताने टाकायचे. गाडी दणकट आणि भरवशाची होती, पण वेगासाठी जन्मलेली नव्हती. १९२६ च्या सुमारास मन्रोने तिच्यात फेरफार सुरू केले. काही काळ तो व्यावसायिक शर्यतपटू होता. पुढे जागतिक मंदी आली, तेव्हा तो घरच्या शेतावर परतला आणि मग मोटारसायकलींचा विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून पोट भरू लागला. दिवसा पोटाचे काम आणि रात्री शेडमधले काम, असा त्याचा क्रम होता. कित्येकदा रात्र सरून उजाडे, तरी शेडमधला दिवा जळतच असे.

येथे थोडे गणित मांडतो, म्हणजे या उद्योगाचा आवाका लक्षात येईल. वेगवान गाडीची मुख्य लढाई हवेशी असते आणि हवा फार महाग हिशेब मागते. वेग दुप्पट करायचा तर हवा कापण्यासाठी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट लागते. ८८ वरून २९५ म्हणजे वेग सुमारे साडेतीन पटींच्या आतच वाढला. पण गाडीचा आकार तोच ठेवला असता, तर त्यासाठी सुमारे सदतीस पट शक्ती लागली असती. मन्रोने इंजिन वाढवत वाढवत ९५० सीसीपर्यंत नेले, म्हणजे ते दीडपटीहून थोडेसेच मोठे झाले. उरलेला सगळा फरक त्याला अन्यत्र शोधावा लागला.

तो कुठे शोधायचा? इंजिन हा शेवटी हवेचा पंप आहे. जितकी हवा आत जाईल तितके इंधन जळेल आणि जितके इंधन जळेल तितकी शक्ती मिळेल. हवा वाढवण्याचे मार्गही मोजकेच. एक, सिलिंडर मोठा करणे. दोन, इंजिन अधिक वेगाने फिरवणे. तीन, श्वासाच्या वाटा मोकळ्या करणे. आणि चौथा, हवा दाबून आत कोंबणे. हा चौथा मार्ग म्हणजेच टर्बो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा आत ढकलायची. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. मन्रो मात्र पहिल्या तीन मार्गांनीच गेला. स्काऊटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे हवेला वळसा घेऊन आत शिरावे लागे. त्याने ते व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले. मूळ स्काऊटमध्ये नसलेली अशी ही रचना होती. त्यासाठी डोकी, कॅम, त्यांवर चालणारे भाग असे सगळे नव्याने करणे आले.

आणि हे सगळे त्याने स्वतःच्या हातांनी केले. पिस्टनसाठी लागणारा धातू वितळवून तो जुन्या डब्यांत ओती. मापे घेण्यासाठी मायक्रोमीटरऐवजी चाकाची जुनी तार वापरी. कनेक्टिंग रॉड हा इंजिनातला सर्वांत जास्त ओढाताण सोसणारा भाग. तो त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कोरून काढला. सिलिंडर, फ्लायव्हील, तेल फिरवण्याची व्यवस्था हेही सारे घरचेच. पैसा नव्हता, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, जो भाग त्याला हवा होता तो जगात कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. मूळ इंडियन कंपनीनेही १९५३ मध्ये उत्पादन थांबवले. मन्रोचे काम त्यानंतरही चालूच होते.

पण मला या माणसाच्या शेडमधली सर्वांत बोलकी वस्तू वाटते ती एक फळी. तिच्यावर त्याने मोडलेले भाग ओळीने मांडून ठेवले होते. वितळलेले पिस्टन, तुटलेले रॉड, फुटलेले तुकडे. ही वेगदेवतेला वाहिलेली अर्पणे आहेत, असे त्याने त्या फळीवर लिहून ठेवले होते. एरवी मेकॅनिक असे तुकडे भंगारात टाकतो, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू देत नाही. मन्रोने ते देवघरासारखे मांडले. त्यात विनोद होता, पण मला त्यात एक शिस्तही दिसते. इंजिनाची शक्ती वाढवली की ती सर्वांत दुबळ्या भागाला जाऊन शोधते आणि मोडते. तो भाग मजबूत केला की त्याच्या शेजारचा दुबळा ठरतो. पिस्टन टिकला तर रॉड जातो, रॉड टिकला तर क्लच घसरतो, क्लच धरला तर साखळी आणि टायर यांची पाळी येते. फळीवरचा प्रत्येक तुकडा म्हणजे या साखळीतली सापडलेली एक कडी होती. मन्रोचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते, ते त्या फळीवर होते.

या साधनेची किंमतही सांगितली पाहिजे, कारण चित्रपट तेथे थोडा हळुवार होतो. १९२७ मध्ये त्याने लग्न केले होते, चार मुले झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पतिपत्नी विभक्त झाले. त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि कुलूपबंद गॅरेजमध्येच मुक्काम हलवला. शेजारी त्याच्या दोन मोटारसायकली, इंडियन आणि दुसरी ब्रिटिश बनावटीची व्हेलोसेट. आपल्याकडे कलावंत, संशोधक यांच्या अशा एकारलेपणाचे फार कौतुक होते. मला ते निर्भेळपणे करता येत नाही. रात्र रात्र शेडमध्ये काढणाऱ्या माणसाच्या घरी चार मुलांना कुणीतरी जेवू घालत होते, निजवत होते. त्या व्यक्तीसाठी कुठल्याही विक्रमाच्या पुस्तकात रकाना नसतो. वेगदेवतेच्या फळीवर दिसत नाहीत अशीही काही अर्पणे असतात, एवढेच म्हणतो.

फळ मिळत होते, पण सावकाश. १९३८ मध्ये त्याने न्यूझीलंडचा पहिला राष्ट्रीय विक्रम केला, पुढे आणखी सात केले. १९४० मध्ये त्याने खुल्या रस्त्यावर ताशी १९४ किलोमीटरचा वेग गाठला. तो विक्रम बारा वर्षे टिकला. इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू हे त्याचे नेहमीचे मैदान. पण तिथे गाडी पूर्ण मोकळी सोडायला जागा पुरत नव्हती. ती जागा होती अमेरिकेत, युटा राज्यातील बॉनव्हिल येथे. कोरड्या पडलेल्या प्राचीन सरोवराचे ते पांढरेशुभ्र, सपाट मीठ. तोवर पन्नाशी उलटून गेली होती आणि हृदयविकारही जडला होता. तरीही मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसते पाहायला आणि नंतर नऊ वेळा धावायला.

बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ. म्हणून अडथळा कमी, पण इंजिनाला मिळणारा श्वासही कमी. टर्बोचे इंजिन ही उणीव दाबाने भरून काढते. मन्रोच्या इंजिनाला ती सोय नव्हती. म्हणून हवेचा अडथळा कमी करण्यावर त्याने भर दिला आणि गाडीभोवती माशाच्या आकाराचे कवच चढवले. त्यात तो जवळजवळ पालथा पडून बसत असे. १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, ८८३ सीसीच्या गटात ताशी २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम झाला. १९६६ मध्ये इंजिन वाढवून १,००० सीसीच्या गटात २७०. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याच गटात २९५. त्याच वर्षी पात्रता फेरीत एका दिशेने ताशी सुमारे ३०६ किलोमीटरची नोंद झाली.

हे आकडे वाचताना धोका दिसत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. १९६७ च्याच एका धावेत अर्धे अंतर कापल्यावर गाडी डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो कवचातून उठून बसला. वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उपटून नेला आणि त्या माऱ्यापुढे त्याला काहीच दिसेना. आखलेल्या रेषेपासून भरकटलेली गाडी एका लोखंडी खुंटाला अगदी थोडक्यात चुकली. शेवटी त्याने ती जाणूनबुजून आडवी पाडली. चार ओरखड्यांवर निभावले. साखळीतली शेवटची कडी माणसाचे शरीर असते, हे त्याला ठाऊक होते. ती मात्र ट्रॅक्टरच्या आसातून कोरता येत नाही.

मन्रो ६ जानेवारी १९७८ रोजी, ७८ व्या वर्षी वारला. दोन वर्षेही जगणार नाही म्हटलेले मूल! पण त्याच्या विक्रमाचा हिशेब तेव्हाही पुरा झाला नव्हता. विक्रमासाठी ठरलेल्या अंतरावर दोन्ही दिशांनी धावावे लागते आणि त्यांची सरासरी धरतात. ती काढताना १९६७ साली चूक झाली होती, हे त्याच्या मुलाने दाखवून दिले. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने २०१४ मध्ये ती दुरुस्त केली आणि आकडा ताशी २९६ किलोमीटरवर गेला. वाढ एका किलोमीटरच्याही आतली. पण ज्या माणसाने तेवढ्यासाठी महिने घालवले असते, त्याला ती मरणानंतर ३६ वर्षांनी, आणि तीही मुलाच्या हातून मिळाली, हे मला फार हृद्य वाटते.

आजच्या टर्बोवाल्या तरुणाला या गोष्टीतून काय घ्यायचे? लॅपटॉपने दाब वाढवता येतो, पण कारखान्यातून आलेला हेड गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक पूर्वीच्याच शक्तीसाठी बनवलेले असतात. इंधन वेळेआधी पेटू लागले, की पिस्टनला भोक पडायला काही क्षण पुरतात. संगणकाने फक्त पहिली पायरी सोपी केली आहे, साखळी तीच आहे. शिवाय मन्रोचे मीठ निर्मनुष्य होते. आपल्याकडे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. भर रस्त्यावर साखळीतली कडी तुटली, तर ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची असू शकते.

आयुष्याच्या अखेरीला प्रकृती खालावल्यावर मन्रोने आपल्या गाड्या परक्या संग्राहकाला न देता गावच्याच व्यापाऱ्याला विकल्या. इन्व्हरकार्गिलमधील ‘ई. हेज अँड सन्स’ या लोखंडी सामानाच्या दुकानात त्याची इंडियन ठेवलेली आहे. ती पाहायला जगभरातून लोक येतात. भोवती खिळे, स्क्रू, पाने, कानशी यांची विक्री चालूच असते. संग्रहालयातल्या काचेच्या पेटीपेक्षा ही जागा तिला अधिक शोभते, असे मला वाटते. ज्या सामानातून ती घडली, त्याच सामानाच्या शेजारी ती उभी आहे.