दरवाजा कधी उघडायचा, हे पाणीच ठरवेल!

जांब समर्थला मावशीकडे गेले की माझी सकाळ नळाच्या आवाजाने होते. आधी तोटीतून फुस्स करून हवा येते, मग गढूळ धार, मग चांगलं पाणी. आपण फक्त ‘पाणी आलं’ म्हणतो. पण त्याआधी कुणीतरी रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून लोखंडी चावी फिरवलेली असते. व्हॉल्व्ह! गावाकडे त्याला ‘वॉल’ म्हणतात. पाणी कुणाला, कधी आणि किती, हे तिथे ठरतं.

एका माणसाने हाच प्रश्न फार मोठ्या मापात सोडवला. त्यांचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, इंजिनिअर्स डेचे मेसेज आपण फॉरवर्ड करतो. पण त्यांची घडण महाराष्ट्रात झाली, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीत जन्म. वडील लवकर गेले. शिकवण्या घेऊन बंगळूरला शिक्षण केलं आणि म्हैसूर सरकारच्या मदतीने ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आजचं सीओईपी ते हेच. १८८३ मध्ये ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

लवकरच धुळ्याकडे पांझरा खोऱ्यात एका ओढ्यावर पाइपचा सायफन टाकायचं काम आलं. म्हणजे कालव्याचं पाणी पाइपातून ओढ्याखाली उतरवायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. पाणी आत शिरतं ती बाजू थोडी उंच ठेवली, की पंपाशिवाय हे जमतं. ऐन पावसाळ्यात पुराने कामात वाळू भरली, तरी त्यांनी ते पूर्ण केलं. आजही पाइपलाइन खाली उतरते तिथे गाळ साचतो, म्हणून तळाला स्कावर व्हॉल्व्ह असतो; तो उघडला की गाळ धुऊन जातो. उंचावर हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्ह. तोटीतलं ते ‘फुस्स’ याच अडकलेल्या हवेचं.

पुढे सिंधमधल्या सक्करला त्यांनी पाणीयोजना उभारली. गाळण्या बांधायला पैसा नव्हता, म्हणून नदीकाठी विहीर खणून वाळूतून झिरपलेलं पाणी घेतलं आणि पंपाने टेकडीवर चढवलं. अशा चढाच्या लाइनवर आज नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. त्याचं झाकण एकाच दिशेने उघडतं. पंप बंद पडला की मागे येणारं पाणीच ते लावून टाकतं.

त्यांची सगळ्यात गाजलेली कल्पना मात्र पुण्याजवळ खडकवासल्याला आकाराला आली. तिथल्या तलावातून दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता पाणी अडवायचं कसं? त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले, १९०३ च्या सुमारास. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. त्याच्या वर पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे, पाणी उतरलं की आपोआप मिटायचे. रात्री-अपरात्री कुणी धावत जायची गरज नाही! घरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह आठवा. टाकी भरली की तो पाणी बंद करतो. इथे उलटं, तलाव भरला की दरवाजा उघडतो. तत्त्व एकच: निर्णय पातळीचा.

पण पाणी नुसतं साठवून भागत नाही, ते वाटावंही लागतं. कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. शेतं गटांत विभागायची, पिकांची फेरपालट ठरवायची, पाणी पाळीने द्यायचं. आधी हवं तेव्हा पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. साहजिकच आहे. चावी हातात असलेल्याला नियम नकोच असतो. पण कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला नियमाचाच आधार असतो.

१९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. आपलं जालनाही तेव्हा त्याच संस्थानात होतं. त्यांच्या आराखड्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. मग म्हैसूरमध्ये चीफ इंजिनिअर, कृष्णराजसागर धरण, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न. शंभरी ओलांडून १९६२ मध्ये ते गेले.

परवा मावशीकडे मी चावी फिरवणाऱ्या काकांना विचारलं, एवढे वेढे सावकाश का? ते म्हणाले, एकदम बंद केलं तर पाणी धक्का मारतं, पाइप फुटतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला वॉटर हॅमर म्हणतात. काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पण वरच्या गल्लीला किती वेळ आणि खालच्या गल्लीला किती, हे त्यांना पाठ आहे. ते घड्याळ बघूनच चावी फिरवतात.