वामन मल्हार जोशी : नीतिविचाराचे अध्यापक

वामन मल्हार जोशी ह्यांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील तळे येथे झाला. १९०६ साली तत्त्वज्ञान विषयात एम. ए. झाल्यावर ते विष्णु गोविंद विजापूरकरांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात सामील झाले. ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखाबद्दल १९०८ साली त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. लेख दुसऱ्याचा होता. संपादनाची जबाबदारी मात्र त्यांची होती. कर्तव्य आणि त्याचे मूल्य ह्यांचा संबंध त्यांना ग्रंथांबाहेर असा प्रत्ययास आला.

१९१८ पासून कर्व्यांच्या महिला विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. तेथे उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले जात असल्यामुळे मराठी पाठ्यग्रंथांची निकड होती. ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ (१९१९) ह्या ग्रंथाने ती नीतिशास्त्रापुरती बरीचशी भागविली. सुख हेच साध्य की कर्तव्य हेच प्रमाण, हा नवशिक्याला पडणारा प्रश्न आता मराठीतून अभ्यासता येऊ लागला.

वामनरावांच्या कादंबऱ्यांतही हाच विचार दिसतो. ‘रागिणी’त (१९१५) तो वादचर्चेच्या रूपाने येतो, ‘सुशीलेचा देव’मध्ये (१९३०) नायिकेची देवकल्पनाच नैतिक ध्येयाकडे विकसित होत जाते. प्रतिपक्षाची बाजूही समर्थपणे मांडण्याच्या त्यांच्या वृत्तीस काहींनी अनिश्चितता म्हटले. परंतु विद्यार्थिनींना निष्कर्षापेक्षा विवेक देणाऱ्या अध्यापकाचा तो धर्मच होता. १९३० साली मडगाव येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २० जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.